विजापूरचे रोजे आणि त्यांतल्या राण्या

हीरक महोत्सवाची सहल कुठे न्यावी ह्यावर आपल्या मंडळाच्या दोन बैठका झाल्या. तुळजापूर, अक्कलकोट बहुतेकींचे अनेकवार झालेले. पंढरपूर तर आपल्या उंबरठ्यावरचेच. शेवटी विजापूर ठरले. २०१४ सालापासून त्या गावाचे सरकारी नाव बदलले आहे, पण आपल्या सोलापुरात अजून सगळे विजापूरच म्हणतात, तेव्हा मीही तेच लिहिते. "कबरी बघायला कशाला एवढे लांब जायचे?" असे एका भगिनीने बैठकीत विचारले होते. परतीच्या वाटेवर त्याच माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि होटगी येईपर्यंत त्या राण्यांबद्दल मला विचारत होत्या. त्यांच्याच आग्रहावरून हा लेख लिहिते आहे. मला इतिहासाची आवड आहे, अधिकार नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच सुमारास ह्या स्मरणिकेसाठी मंडळाच्या संस्थापक भगिनींच्या जुन्या फोटोखाली नावे घालण्याचे काम माझ्याकडे आले होते. फोटोत अकरा जणी आहेत. पहिल्या वर्षाचे नोंदपुस्तक काढून पाहिले, तर त्यात 'वकिलीणबाई', 'मास्तरीणबाई', 'मोठ्या वाड्यातल्या काकू' अशा नोंदी! काहींपुढे यजमानांचे पूर्ण नाव आहे, पण त्यांचे स्वतःचे नाव नाही. हे डोक्यात घेऊनच मी विजापूरला गेले, त्यामुळे तिथे माझे लक्ष घुमटाच्या उंचीपेक्षा नावांकडेच अधिक गेले. वाचकांनी हा दोष पदरात घ्यावा.

विजापूरचे आदिलशाही घराणे १४९० च्या सुमाराचे. मूळ पुरुष युसुफ आदिलखान. तो आणि त्याच्या मागचे पहिले काही सुलतान विजापुरात पुरलेले नाहीत. त्यांच्या कबरी गोगी ह्या गावी, एका सत्पुरुषाच्या दर्ग्याजवळ आहेत. हे गाव आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात येते. म्हणजे आरंभी ह्या घराण्याला स्वतःचे भव्य स्मारक असावे अशी हौस नव्हती, साधूच्या सावलीत जागा मिळाली म्हणजे पुरे होते. ही हौस पुढे आली, आणि आली तेव्हा विलक्षण आली.

पण ह्या पहिल्या सुलतानाच्या बायकोची गोष्ट आपल्याला ठाऊक असली पाहिजे, कारण ती मराठ्यांची मुलगी होती. फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने विजापुरातच राहून दुसऱ्या इब्राहिमच्या आश्रयाने मोठा फारसी इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो की मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण युसुफने केली आणि तिचे नाव बुबूजी खानम ठेवले. माहेरचे तिचे नाव काय होते, ते तो लिहीत नाही. युसुफ वारला तेव्हा मुलगा इस्माईल लहान होता आणि कारभार कमालखान नावाच्या सरदाराच्या हाती गेला. हा कमालखान स्वतःच गादीवर बसण्याच्या बेतात आहे, हे बुबूजीने ओळखले. १५११ साली तिने आपल्या विश्वासातल्या एका तुर्काला, मक्केला जायचा निरोप घ्यायच्या निमित्ताने, त्याच्याकडे धाडले. कमालखान निरोपाचा विडा देऊ लागला, तेवढ्यात तुर्काने खंजीर चालवला. पुढचा प्रकार तर त्याहून विलक्षण आहे. कमालखानाच्या आईने रडणे-ओरडणे काही केले नाही. मुलाचे प्रेत तिने लोडांना टेकवून सज्जात बसवले, म्हणजे लोकांना तो जिवंत वाटावा, आणि नातवाला फौज देऊन राजवाड्यावर धाडले. इकडे बुबूजी आणि युसुफची दूधबहीण दिलशाद आगा ह्या दोघींनी चिलखते चढवली, हातात धनुष्ये घेतली आणि वाड्याच्या गच्चीवरून लढल्या. वाडा वाचला, गादी वाचली, आणि घराणे त्यानंतर पावणेदोनशे वर्षे टिकले. एका बाजूला एक आई, दुसऱ्या बाजूला दुसरी आई! शाळेत असताना आम्हांला आदिलशाही शिकवली ती तहांच्या कलमांनी. ही गोष्ट कुणी सांगितली असती तर इतिहासाच्या तासाला इतकी झोप आली नसती.

दुसरी स्त्री चांदबिबी. तिचे नाव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते अहमदनगरच्या किल्ल्यामुळे. ती मूळची निजामशाहीची कन्या आणि पहिल्या अली आदिलशहाची राणी. १५८० साली अलीचा खून झाला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला. त्याला चांदबिबीने सांभाळले आणि राज्यही सांभाळले. मध्यंतरी एका सरदाराने तिला कैद करून आपल्या साताऱ्याच्या किल्ल्यावर ठेवले होते. तिथून सुटून ती परत आली. पुढे ती माहेरी अहमदनगरला गेली, १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात किल्ला लढवला आणि १६०० साली आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. विजापुरात तिच्या नावाने चांद बावडी आहे. ती विहीर १५७९ सालची. बांधीव, देखणी आहे. आमच्यातल्या काहीजणी तिथेच जास्त रमल्या.

चांदबिबीने वाढवलेला हा इब्राहिम मोठा रसिक निघाला. गाण्याचा नादी, दखनी भाषेत त्याने पदे केली, त्यांत सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केले. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. गावाच्या पश्चिमेला, तटाबाहेर, जो इब्राहिम रोजा आहे तो त्याचा.

म्हणजे, आम्हांला तसे सांगण्यात आले. वाटाड्याने सांगितले, "इब्राहिम बादशहाने आपल्या लाडक्या राणीसाठी, ताज सुलतानासाठी हा बांधला, पण आधी तोच वारला, म्हणून त्याच्या नावाने ओळखला जातो." पुस्तकांतही बहुधा असेच छापलेले असते. मात्र रोजाच्या दारावरच्या फारसी लेखात वेगळे आहे. हा रोजा बांधण्याचा हुकूम ताज सुलतानाने दिला, असे तो लेख सांगतो. मलिक संदल नावाच्या अधिकाऱ्याने काम पार पाडले आणि खर्च आला दीड लाख होन, वर नऊशे. आपल्या कोषाध्यक्षीणबाईंना ते वरचे नऊशे फार आवडले. "हिशेब असा पाहिजे," त्या म्हणाल्या, "दगडात कोरलेला!" लेखातल्या कालगणनेवरून साल निघते हिजरी १०३६, म्हणजे इसवी १६२६ च्या सुमाराचे. इब्राहिम १६२७ मध्ये वारला.

माझे मत असे की दगडावर ज्या काळी अक्षरे पडली त्या काळच्या लोकांना खरे माहीत होते. हुकूम बाईचा, देखरेख संदलची, आणि नाव मात्र राजाचे पडले. त्यात इब्राहिमचा काही अपराध नाही, तो बिचारा आपल्या कबरीत होता. लोकांच्या तोंडी नाव बसते ते असेच. वाड्याला मालकाचे नाव पडते, मग बांधताना चुन्याच्या घाण्यापाशी उभे कुणीही राहिलेले असो.

इमारत कशी आहे ते लिहायला माझी लेखणी अपुरी आहे, तरी थोडे सांगते. एका मोठ्या चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, एक रोजा आणि एक मशीद. मधे हौद आणि कारंजे. रोजाभोवती कमानींची ओवरी. आतल्या खोलीच्या बाहेरच्या भिंती वरपासून खालपर्यंत कोरीव अक्षरांनी भरलेल्या आहेत. सगळे कुराण कोरले आहे असे लोक म्हणतात. ते खरे नाही, त्यातली निवडक वचने आहेत. खिडक्यांची जाळीसुद्धा अक्षरांचीच आहे. आपण दारापुढे रांगोळीची जाळी काढतो ना, तशी दगडात अक्षरांची जाळी कोरून काढली आहे आणि अक्षरांमधल्या फटींतून उजेड आत येतो. आतली खोली सुमारे चाळीस फूट चौरस. तिचे छत सपाट दगडी आहे आणि मधल्या चोवीस फुटांना खालून खांब नाही, तुळई नाही. दगडाला दगड लागून चुन्याच्या जोरावर राहिले आहेत. तिथे उभे राहून वर पाहिले की क्षणभर पाय मागे सरतोच.

त्या खोलीत एका ओळीत सहा कबरी आहेत. पूर्वेकडून मोजत गेले तर पहिली ताज सुलताना, दुसरी हाजी बडी साहिबा म्हणजे इब्राहिमची आई, तिसरा स्वतः इब्राहिम, चौथी मुलगी जोहरा सुलताना, मग दरवेश आणि सुलेमान हे दोन मुलगे. दरवेश हा वडील मुलगा, पण गादी मिळाली ती धाकट्या महंमदाला. ही ओळ वाचून दाखवल्यावर आमच्यातल्या एक वहिनी पटकन म्हणाल्या, "अगंबाई, सासूबाई इथेही मधेच!" सगळ्या हसल्या. वाटाड्यालाही मराठी येत असावे, कारण तो तोंड फिरवून उभा राहिला.

हसणे झाल्यावर मात्र मला वाटले की ह्या ओळीत फार मोठी गोष्ट आहे. सहांतल्या तिघी बायका आहेत आणि तिघींची नावे टिकली आहेत. आई हज करून आली म्हणून 'हाजी', ही तिची स्वतःची कमाई. इथे एक सावधगिरीची सूचना देते, कारण आमच्यातही गोंधळ झाला. अफझलखानाच्या गोष्टीत आपण जी बडी बेगम वाचतो, ती ही नव्हे. ती महंमद आदिलशहाची राणी, गोवळकोंड्याची राजकन्या, म्हणजे ह्या बडी साहिबाची नातसून. १६५९ साली खानाला शिवाजीमहाराजांवर धाडणारा दरबार तिच्या हातात होता.

बायकांची कबर कोणती आणि पुरुषांची कोणती, हे ओळखायची खूण एका वृद्ध रखवालदाराने आम्हांला शिकवली. बाईच्या कबरीचा माथा सपाट पाटीसारखा असतो. पुरुषाच्या कबरीवर लांबट उंचवटा असतो. ही खूण कळल्यावर आमच्या बायका विजापूरभर कबरी ओळखत हिंडल्या. गावाबाहेर 'साठ कबर' म्हणून जागा दाखवतात, तिथे अशा सपाट माथ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. त्या अफझलखानाच्या बायका, प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी त्याने त्यांना बुडवून मारले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथेला मी इतिहास म्हणणार नाही. मात्र तिथल्या एकाही माथ्यावर नाव नाही.

आता गोल घुमट. तो महंमद आदिलशहाचा. ह्याची कारकीर्द १६२७ ते १६५६. आपल्या शहाजीराजांनी १६३६ पासून ज्याची चाकरी केली तो हाच सुलतान, म्हणजे घुमट चढत असताना तो राजांच्या डोळ्यांपुढून गेला असणार. आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी: आतली जागा सुमारे १३५ फूट लांब आणि तितकीच रुंद, म्हणजे अठरा हजार चौरस फुटांहून अधिक, आणि मधे एकही खांब नाही. भिंती दहा फूट जाड. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांत कमानी एकमेकींना छेदत वर नेऊन त्यांनीच तो भार पेलला आहे. घराच्या ओट्यावर साधे पत्र्याचे छप्पर घालताना आमच्याकडे गवंड्याने तीनदा चूक केली होती, तेव्हा ह्या लोकांपुढे हात जोडावेसे वाटले.

मधल्या चौथऱ्यावर पुन्हा सहा कबरी. ह्या वरच्या फक्त दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत. पूर्वेकडून नातू, धाकटी राणी अरूस बीबी, स्वतः महंमद, त्यानंतर रंभा, मग मुलगी, आणि अगदी शेवटी थोरली राणी. रंभा ही दरबारची नर्तकी. बादशहाने तुझे प्रेम खरे असेल तर वरून उडी घे म्हणून थट्टेत म्हटले आणि तिने घेतली, अशी कथा आहे. मला ती कथा ऐकून राग आला, आणि ती खोटी असावी अशीच माझी इच्छा आहे. कथा असो वा नसो, तिची कबर मात्र खरी आहे, आणि ती राजाच्या शेजारी आहे. थोरली राणी टोकाला. ह्यावर आमच्यात जेवताना जोरदार वाद झाला. भाकरी आणि शेंगांची चटणी संपली तरी वाद संपला नाही. कुणी म्हणे थोरलीवर अन्याय झाला. कुणी म्हणे जिला राजाच्या शेजारी बसण्याचा हक्क जन्मभर मिळाला नसेल, तिला मेल्यावर तरी मिळाला. मी दोन्ही बाजूंना आळीपाळीने मान डोलावली.

जिने चढून वर गेले की घुमटाच्या आत फिरणारा सज्जा आहे. एका बाजूला भिंतीशी पुटपुटले तर पलीकडच्या बाजूला स्पष्ट ऐकू येते आणि हाक मारली तर ती अनेकवार परत येते. शाळेची मुले आली होती, ती आपापली नावे ओरडत होती. ती गेल्यावर आमच्यातल्या सर्वांत वयस्क आजी (वय ऐंशीच्या पुढे, जिना त्या नातवाच्या आधाराने चढल्या) भिंतीशी गेल्या आणि त्यांनी एक नाव घेतले. ते आम्हांला कुणालाच ओळखीचे नव्हते. त्यांचे माहेरचे नाव होते ते. लग्नात बदलले, तेव्हापासून कुणी घेतले नव्हते. ते नाव घुमटातून पुन्हा पुन्हा परत येऊ लागले आणि आजी, "पुरे रे बाबा, पुरे!" असे घुमटालाच म्हणू लागल्या.

पुढचा इतिहास दुःखाचा आणि थोडक्यात सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या अलीने बापावर ताण करायची म्हणून मोठा रोजा आरंभला, तो त्याच्या मृत्यूपर्यंत, १६७२ पर्यंत, पुरा झाला नाही. आज त्याला बारा कमान म्हणतात. नुसत्या काळ्या कमानी उभ्या आहेत आणि वर आकाश. गावापासून काही अंतरावर ऐनापूरला महंमदाची एक राणी जहान बेगम, तिची म्हणून ओळखली जाणारी अपुरी इमारत आहे. तिचा नकाशा गोल घुमटाइतकाच मोठा! राणीसाठी राजाएवढाच घुमट कुणीतरी योजला होता. भिंती थोड्या चढल्या आणि काम थांबले. आमच्या गाडीला तिथे जायला वेळ उरला नाही, ही चुटपुट मला अजून आहे.

१६७९ साली मोगल सरदार दिलेरखानाने आदिलशहाची बहीण शहरबानू, जिला पादशहा बीबी म्हणत, औरंगजेबाच्या मुलासाठी मागितली. गावावरचे संकट टळावे म्हणून ती आपण होऊन मोगलांच्या छावणीत गेली. संकट टळले नाही. दिलेरखान तरीही विजापूरवर चालून आला. त्या वेळी विजापूरच्या मदतीला महाराजांनी फौज धाडली होती, हे आपण विसरू नये. अखेर १६८६ साली विजापूर पडले. शेवटचा सिकंदर आदिलशहा तेव्हा अठरा वर्षांचा होता. चौदा वर्षे मोगलांच्या कैदेत काढून तो १७०० साली वारला. त्याची कबर विजापुरातच, उघड्या आवारात आहे. वर घुमट नाही, साधे छप्परही नाही. ज्या घराण्याने त्या काळचा हिंदुस्थानातला सर्वांत मोठा घुमट बांधला, त्याच्या शेवटच्या राजाच्या कबरीवर पावसाचे पाणी पडते. पादशहा बीबीची कबर ह्या दोन्ही रोजांच्या ओळींत नाही.

सहलीहून आल्यावर मी फोटोचे काम पुन्हा हाती घेतले. घरोघर गेले, जुन्या पत्रिका पाहिल्या, लेकीसुनांना विचारले. एका घरी तर आजेसासूचे नाव काय, ह्यावर दोघा भावांत एकमत होईना; शेवटी ते तांब्याच्या घंगाळावर कोरलेले सापडले. अकरांपैकी सात जणींची नावे, माहेरची आणि सासरची, मिळाली आहेत व ती फोटोखाली छापली आहेत. मागल्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्या आणि चौथ्या, आणि बसलेल्यांपैकी दोन्ही टोकांच्या दोघी, ह्या चौघींची नावे अजून मिळायची आहेत. फोटोची मोठी प्रत मंडळाच्या खोलीत लावली आहे. कुणाच्या घरी काही माहिती, पत्रिका, भांड्यावरचे नाव, काहीही असेल, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवापूर्वी कार्यवाहांकडे आणून द्यावे. त्या दिवशी फोटोखालची पाटी नव्याने रंगवून घ्यायची आहे आणि रंगाऱ्याला चार ओळी मोकळ्या सोडायला सांगितले आहे.